बारा नंबरची किल्ली

“जन्मभर पुसायचा पगार घेतला, आता मळवायचंही त्याच पगारात,” लॅबचं सामान सांभाळणारे स्टोअरकाका पुटपुटले. ते इतक्या जवळ उभे होते की त्यांच्या दाढेखालच्या लवंगेचा वास मावशीला आला. “निदान मळवण्याचा भत्ता तरी द्यावा माणसानं.”

“हळू बोला. साहेब शेजारच्या खोलीत आहेत.”

“असू देत. ऐकलं तर म्हणतील, वा काका, सूचना उत्तम आहे, मुलांच्या पावतीत अजून एक ओळ वाढवू या.”

मावशीला हसू आलं, पण तिचा हात थांबला नाही. ड्रॉपरनं ती टेबलावर जांभळं पाणी सोडत होती. इथं एक थेंब, तिथं दोन, स्टँडच्या उजव्या अंगाला जरा सढळ हातानं, कारण मुलं उजव्या हातानं फ्लास्क हलवतात आणि उडालं तर त्याच बाजूला उडतं. सिंकजवळ ओघळ. बर्नरखाली काजळीचं कडं, तेही पूर्ण गोल नाही, कुठंतरी फुटलेलं. सगळे डाग सारखे असले की लगेच ओळखू येतात. खऱ्या प्रॅक्टिकलचा डाग कसा पडतो हे तिला बावीस वर्षं पुसून पुसून पाठ झालं होतं. उद्या विद्यापीठाच्या तपासणीला समिती यायची होती, आणि बारा नंबरची लॅब रोज वापरातली दिसायला हवी होती.

ती वापरात नव्हती. दोन वर्षं झाली, एक सर निवृत्त झाले, दुसऱ्या मॅडम नोकरी सोडून गेल्या, तिसऱ्यांना परीक्षा विभागात बसवलं. जागा भरायच्या राहिल्या त्या राहिल्याच. मग प्रॅक्टिकलच्या तासाला मुलांना मोठ्या हॉलमध्ये बसवून पडद्यावर कुणीतरी परका माणूस प्रयोग करताना दाखवू लागले. पुढं तो पडदाही बिघडला. आता विद्यापीठ छापील जर्नल विकतं. त्यात प्रयोगाची कृती छापलेली, आकृती छापलेली, आणि आलेले आकडेही छापलेले. मुलांनी फक्त नाव घालायचं आणि शेवटी “मी हे स्वतः केले” याच्याखाली सही करायची.

लॅब बंद झाल्यावर मावशीला फी ऑफिसात दिलं. खिडकीच्या आत उभं राहून पावत्यांवर शिक्का मारायचा, दुपारी चहा सांगायचा, फायली न्यायच्या-आणायच्या. तिथं तिला कळलं की मुलं कशाकशाचे पैसे भरतात. लॅबचे भरतात, लॅब बंद. जिमखान्याचे भरतात, मैदानावर साहेबांच्या गाड्या. वाचनालयाचे भरतात आणि वाचनालयात पुस्तक मागितलं तर त्याचे वेगळे. शेवटची ओळ असायची ‘इतर’, आणि ती दर वर्षी वरच्या सगळ्या ओळींपेक्षा जोमानं वाढायची. एकदा एका मुलीच्या बापानं खिडकीत वाकून विचारलं होतं, “इतर म्हणजे काय हो?” आतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, “जे वर लिहिलेलं नाही ते.” बाप बिचारा थँक्यू म्हणून गेला.

मावशीची स्वतःची लेक इथंच शिकत होती. केमिस्ट्री, दुसरं वर्ष. मार्क चांगले होते, डोकं चांगलं होतं, आणि कर्मचाऱ्याच्या मुलांना अर्धी फी माफ होती. त्या अर्ध्या फीच्या भरवशावरच तिला इथं घालायचं घरात ठरलं होतं. पण माफीच्या अर्जावर दर वर्षी विभागप्रमुखांची सही लागते. यंदाचा अर्ज महिनाभर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. सही नाही तर माफी नाही, माफी नाही तर पूर्ण फी, आणि ती भरली नाही तर परीक्षेचं हॉलतिकीट नाही.

“करू हो मावशी,” साहेब म्हणाले होते. “आधी तपासणी तर होऊ दे. तुमच्यावर भिस्त आहे माझी.”

साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

“बारा मुलं उभी करायची आहेत टेबलांशी,” त्या दिवशी जाता जाता ते दारात थांबले. “तुमच्या मुलीला पहिल्या टेबलावर ठेवतो. नीटनेटकी आहे, घाबरत नाही. फक्त तुम्ही दोघी मायलेकी आहात हे कळायला नको. बरं दिसत नाही. तिला सांगा, तुम्हाला मावशीच म्हणायचं.”

“सगळेच म्हणतात,” मावशी म्हणाली.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकाम. नवीन कपडे आता कोण शिवून घेतो, तो पॅन्ट आखूड करायचा, चेन बदलायचा, बारीक झालेल्यांचे कपडे आत घ्यायचा आणि जाड झालेल्यांचे सोडायचा. दोन मशीन, एक पायाचं आणि एक काठ मारायचं ओव्हरलॉक. भिंतीला खिळ्यांची रांग, त्यांवर टेपा, कात्र्या, दोऱ्याची रिळं.

संध्याकाळच्या चहाला त्याचा एक ठरलेला प्रश्न असायचा. “बोला सायंटिस्टबाई, आज काय केलं?”

आणि लेक सांगायची. छापील जर्नलमधलं सांगायची, पण असं रंगवून की ऐकणाऱ्याच्या नाकात वास यावा. ॲसिड कसं थेंब थेंब सोडलं, रंग कसा एका थेंबानं पालटला, शेजारच्या टेबलावरच्या मुलानं घाई करून कसं बिघडवलं. बापाची सुई हातात तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावून सांगायचा, “एका थेंबाचा फरक असतो बरं का. एक थेंब जास्त पडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमच्या धंद्यासारखंच आहे, एक कात्री जास्त चालली की गेलं.”

मावशी चहा गाळत राहायची. त्या लॅबची किल्ली तिच्या पिशवीत असायची. बारा नंबरची पितळी बिल्ला लावलेली, एकुलती एक. दुसरी कधीच हरवली होती. लग्नानंतर नव्यानं नोकरी लागली तेव्हा तिनं ती नवऱ्याला मिरवून दाखवली होती, “मी गेले नाही तर ते दार उघडत नाही. प्रोफेसरसुद्धा बाहेर उभे.” आता दार उघडायचं नसलं तरी ती रोज किल्ली पिशवीत घेऊन जायची आणि रोज घेऊन यायची. घरी विसरली तर नवरा विचारील, आज लॅब कशी उघडली म्हणून. लेकीला ठाऊक होतं की आईला ठाऊक आहे. पण दोघी त्यावर कधी बोलल्या नव्हत्या. लेकीचं म्हणणं बहुधा असं, की आई गप्प आहे तर गप्प राहण्यातच शहाणपण असेल. आणि आईचं असं, की पोर एवढं रंगवून सांगते ते बापासाठी, त्यात आपण कशाला पाणी ओता.

तपासणीच्या दिवशी सकाळी मावशीनं पिशवीतून छोटी बाटली काढली आणि लेकीला मोरीजवळ बोलावलं.

“हात कर पुढं.”

“हे काय आता?”

“लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीचे हात इतके स्वच्छ नसतात.”

तिनं कापसाच्या बोळ्यानं लेकीच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना आणि अंगठ्याला जांभळं पाणी लावलं. कातडीवर ते आधी गुलाबी झालं, मग बघता बघता तपकिरी. नखांच्या कडेला जरा जास्त. लहानपणी या हातांची नखं ती अशीच धरून कापायची. लेक आपल्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

पुढच्या खोलीत बापानं ते हात पाहिले. मशीन थांबवलं. तिचा हात आपल्या हातात घेऊन उजेडाकडे फिरवला.

“आता खरे कामाचे हात झाले,” तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या बोटाला सुईनं पडलेली जुनी भोकं होती. “निघतं का गं हे?”

“आठ-दहा दिवसांनी,” लेक म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

समितीत तिघं होते. दोघं पुरुष, त्यांचं सगळं लक्ष घड्याळाकडे, कारण पुढं जेवण होतं. आणि एक बाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. बारा नंबरमध्ये शिरल्यावर पुरुष म्हणाले, “वा, भरपूर वापर दिसतोय.” साहेबांनी विनयानं मान झुकवली. मावशी भिंतीशी ट्रे घेऊन उभी होती, धुतलेली काचेची भांडी त्यात मुद्दाम ओली ठेवली होती.

बाई मात्र पहिल्या टेबलाशी थांबल्या. लेकीसमोर ब्युरेट लावलेली होती. काचेची उभी लांब नळी, खाली तोटी, आत जांभळं पाणी. बाईंनी तिच्या बोटांकडे पाहिलं, डाग पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

“किती रीडिंग आहे ग, वाच बरं.”

लेक वाकली. मावशीनं तीन पावलांवरूनच वाचलं होतं. चौदा पूर्णांक चार. ब्युरेटवरचे आकडे वरून खाली वाढत जातात, शून्य वर असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. जुने सर रोज नव्या मुलांवर ओरडायचे, “वरून खाली, वरून खाली, तुमच्या घरची पाण्याची टाकी नाही ही,” ते ऐकून ऐकून झाडू मारता मारता तिला आलं होतं.

“पंधरा पूर्णांक सहा,” लेक म्हणाली.

तिनं खालून वर मोजलं होतं. ज्यानं आयुष्यात एकदाही ब्युरेट हातात धरलेली नाही तो असंच मोजणार. जर्नलमध्ये आकडा छापलेला असतो, नळी नसते.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “पुन्हा वाच.”

लेकीनं पुन्हा वाकून पाहिलं. तिचे कान लाल झाले. साहेब घाईनं म्हणाले, “जरा घाबरली आहे मॅडम, एरवी वर्गात पहिली असते.”

“घाबरू नकोस,” बाई म्हणाल्या, आणि त्या खरंच मायेनं म्हणाल्या. “मला एवढंच सांग, हा प्रयोग तू आत्तापर्यंत किती वेळा केलास?”

लेकीनं मान वर केली. तिनं बाईंकडे नाही, मावशीकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं. पुढं काय येणार ते मावशीला आईच्या पोटानं कळलं. त्याच क्षणी तिला साहेबांचा ड्रॉवर दिसला, त्यातला अर्ज, अर्जाच्या खालची रिकामी जागा.

तिच्या हातून ट्रे सुटला.

बावीस वर्षांत तिनं साधी टेस्ट ट्यूब फोडली नव्हती. आता सहा फ्लास्क एकदम गेले. सगळे मागं सरले, एक पुरुष म्हणाला “अरेरे”, दुसरा आपले बूट पाहू लागला. मावशी खाली बसून काचा गोळा करू लागली आणि तळहातात एक काच चांगलीच गेली.

लेक धावत आली, खाली बसली. ओठांवर शब्द आला होता, तो तिनं गिळला.

“मावशी, लागलं का तुम्हाला?”

तुम्हाला. पोरीनं सांगितल्याप्रमाणे केलं, काही चुकलं नाही तिचं. काच लागली तेव्हा मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

तपासणीच्या बाई दोघींकडे बघत होत्या. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. मायलेकींचं नाक अगदी एका साच्यातलं होतं. बाईंनी चष्मा उतरवला, दोरीला सोडून दिला, हातातल्या कागदावर कुठंतरी बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, “चला, पुढची खोली बघू.”

त्याच संध्याकाळी साहेबांनी अर्जावर सही केली. वर म्हणाले, “मावशी, फ्लास्क तुमच्या नावावर नाही टाकत मी. ‘इतर’ मध्ये घालू.”

मावशी घरी आली ती हाताला पट्टी बांधून, पण अंगावरचं मोठं ओझं उतरवून. पिशवी रिकामी केली. पट्टीच्या हातानं किल्ली नीट धरता येईना, म्हणून ती समोरच्या खिळ्याला अडकवली, नवऱ्याच्या टेपांच्या मागं. सकाळी न्यायची, असं मनात म्हटलं आणि साफ विसरली. दुसऱ्या दिवसापासून तर तिला पुन्हा पूर्ण वेळ फी ऑफिसातच बसवलं. लॅबचं काम संपलं होतं, पुढच्या तपासणीपर्यंत.

आठवड्याभरात विद्यापीठाला वरचा दर्जा मिळाला. पेढे वाटावेत तशी साहेबांनी बातमी वाटली. आणि मग एक नोटीस आली, ती खिडकीशेजारी चिकटवायचं काम मावशीकडेच आलं. दर्जा उंचावल्यामुळे पुढच्या वर्षापासून फी सुधारली आहे, असं त्यात लिहिलं होतं. सुधारली. तिनं डिंक लावता लावता ती सुधारलेली फी दोनदा वाचली. तिची अर्धी म्हणजे यंदाच्या पूर्ण फीपेक्षा जेमतेम थोडी कमी होती. माफी मिळाली होती, सही झाली होती, आणि वाढही तिच्याच हातच्या डागांनी झाली होती. चारही कोपरे तिनं नीट दाबले. वाकडी नोटीस तिला बघवत नसे.

रविवारी दुपारी तिघं पुढच्या खोलीत बसले होते. नवरा कुणाच्यातरी पॅन्टची शिवण उसवत होता. लेक खाली मांडी घालून उसवलेले दोरे वेचत होती. फीचा आकडा दोन दिवसांपूर्वीच सांगून झाला होता, तेव्हा तो नुसता “हं” म्हणाला होता. आज उसवता उसवता म्हणाला,

“बुधवारी एक जण येतोय, ओव्हरलॉक बघायला.”

“बघायला म्हणजे?” मावशीनं विचारलं.

“बघायला म्हणजे न्यायला. भाव बरा देतोय.”

“आणि तुम्ही काठ कशानं मारणार?”

“हातानं. आधी मारतच होतो की. डोळे आहेत अजून.” त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. “मशीन काय, पुन्हा घेता येतं. पोरीचं शेवटचं वर्ष पुन्हा येणार आहे का? लॅबचं शिक्षण महाग असणारच. काच किती महाग आहे, फ्लास्क किती फुटतात, तूच सांगत होतीस.”

मावशीनं तळहात गुडघ्यावर घासला. तळहातावरची जखम खाजत होती, भरत आलेली जखम खाजतेच.

“पुढचं प्रॅक्टिकल कधी आहे सायंटिस्टबाई?”

“उद्या,” लेक म्हणाली. सवयीनं म्हणाली. “परवाच्यासारखंच, फक्त या वेळी ॲसिड दुसरं.”

“परवा झालं ना? आणि त्याच्या आधी सोमवारी.”

“हो.”

“मजा आली म्हणालीस. रंग पटकन पालटला.”

“हो बाबा.”

तो उठला. पॅन्ट मशीनवर ठेवली, टेपा बाजूला केल्या आणि त्यांच्या मागच्या खिळ्यावरून किल्ली काढली. पितळी बिल्ला आपल्या पॅन्टला पुसला, बारा नंबर दिसेपर्यंत. मग ती लेकीपुढं धरली, रागानं नाही, विसरलेला डबा हातात द्यावा तशी.

“मग ही घेऊन जा उद्या. नऊ दिवस झाले, इथंच आहे. मी म्हटलं, आज नेतील, उद्या नेतील.”

कुणी किल्ली घेतली नाही. लेक आपल्या बोटांकडे बघत होती. डाग निघून गेले होते, नखांच्या कडेला तेवढी तपकिरी रेघ उरली होती. बापाचा हात तसाच पुढं. मावशीला वाटलं, अजूनही काहीतरी सांगता येईल. दुसरी किल्ली सापडली, कुलूप बदललं, काहीही. नऊ दिवस तो गप्प होता आणि त्या नऊ दिवसांत त्यानं मशीनला गिऱ्हाईक शोधलं होतं. सांगितलं तर हा तेही खरं मानेल.

तिनं उठून किल्ली त्याच्या हातातून घेतली.

“ते दार कुणी उघडत नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. आपल्या पोरीला तिथं कुणी काही शिकवलेलं नाही, आणि ते कळू नये म्हणून डाग पाडायचं काम मी करते.”